तळघरात उजेड हवा, तर आधी आकाश मोजा

महोदय,

तळघराचे राहत्या खोलीत रूपांतर कसे करावे, यावरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. भिंतींचे रंग, आरसे आणि छतातले दिवे यांची त्यात सविस्तर चर्चा आहे. खिडकीच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले. ज्या खोलीवर लोक वर्षानुवर्षांची बचत लावतात, तिथे भर दुपारी दिवा लावल्याशिवाय वाचता येऊ नये, हे मला पटत नाही.

खोलीत माणूस जिथे बसणार, तिथून आकाश दिसते का, यावर नैसर्गिक उजेडाचा सारा हिशेब अवलंबून असतो. तळघराच्या खिडक्या बहुधा छतालगत आणि हातभरच उंचीच्या असतात. खुर्ची मांडायच्या जागी बसून पाहावे, तर खिडकीबाहेर उजेडासाठी जमिनीत खणलेल्या खड्ड्याची शेवाळलेली भिंत आणि वरच्या जाळीचे गज तेवढे दिसतात. आकाशाची चिंचोळी पट्टी खिडकीशी जाऊन मान वर केल्यावरच सापडते. अशा ठिकाणी आरसा लावून फारसे काही साधत नाही, कारण आरसा आत आलेला उजेड फिरवतो, त्यात भर घालत नाही.

म्हणून पहिला खर्च खिडकीबाहेरच्या खड्ड्यावर व्हावा. तो रुंद केला आणि समोरची भिंत सरळ उभी न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी मागे नेली, तर तीच खिडकी कितीतरी अधिक आकाश पाहू लागते. भिंतीला पांढरा रंग दिल्यास तिच्यावर पडलेला सुमारे 80 टक्के प्रकाश परत फिरतो, उघड्या विटेकडून त्याच्या निम्माही फिरत नाही. मात्र ती भिंत नियमित धुतली गेली पाहिजे. खिडकी मोठी करायची असेल, तर रुंदी वाढवण्यापेक्षा ती खाली वाढवणे सहसा सोपे जाते, कारण वरचे लिंटेल, म्हणजे खिडकीवरची भिंत पेलणारी आडवी तुळई, तसेच राहते. तरीही खिडकी असलेली तळघराची भिंत बाहेरच्या मातीचा दाब पेलत असते, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय तिला छिन्नी लावू नये. खोली झोपण्यासाठी असेल, तर आग लागल्यास त्या खिडकीतून मोठ्या माणसाला बाहेर पडता आले पाहिजे आणि खड्ड्यावरची जाळी आतून उघडता आली पाहिजे.

सर्वांत जास्त घरे फसतात ती पाण्यापाशी. निचरा नसलेला खड्डा म्हणजे खिडकीला टेकवलेला हौदच. त्याचा तळ खिडकीच्या खालच्या कडेपेक्षा बराच खोल हवा, त्यात खडी हवी आणि खडीखालून पाणी वाहून नेणारा पाइप हवा. उतार मिळत नसेल तर पंप लागतो. त्याही आधी, तळघराच्या भिंतीवर आतून प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवून एकदोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे, खोलीकडच्या बाजूला जमले तर दमटपणा हवेतला आहे. भिंतीतली ओल थांबवल्याशिवाय पुढचे कोणतेच काम हाती घेऊ नये.

तळघराचा काही भाग अंगणाखाली येत असेल, तर जमिनीच्या पातळीवर चालता येईल अशी जाड काच बसवण्याचा विचार जरूर करावा. पूर्ण ढगाळ आकाश क्षितिजापेक्षा माथ्यावर सुमारे तिप्पट उजळ असते. त्यामुळे समोर काहीही आड नसलेल्या उभ्या खिडकीवरही उघड्या आडव्या पृष्ठभागाच्या जेमतेम 40 टक्के प्रकाश पडतो. वरून काचेतून उजेड घेण्याची ही युक्ती जुनी आहे. जहाजांच्या डेकमध्ये काचेचे लोलक बसवून खालच्या मजल्यांवर उजेड नेला जात असे, आणि पदपथाखालच्या तळघरांसाठी लोखंडी झाकणात काचा बसवण्याचे पेटंट अमेरिकन संशोधक थॅडियस हायट यांनी 1845 मध्ये घेतले होते. आतून चकचकीत असलेल्या नळीने छतावरचा उजेड खाली आणण्याचा पर्याय मी शेवटचा मानतो, कारण ती वरच्या मजल्यांतून न्यावी लागते आणि प्रत्येक वळणावर प्रकाश घटतो.

माझी विनंती एवढीच आहे की, अशा खोल्यांची छायाचित्रे छापताना सोबत एक साधा उभा छेदही छापावा: जमिनीची पातळी कुठे, खड्डा किती रुंद आणि किती खोल, निचऱ्याचा पाइप कुठे जातो, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून आकाशापर्यंतची रेषा कुठून जाते.

आपला,
एक वाचक