ताप आणि तू

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर मी फार बोलले, त्याचे रात्रभर वाईट वाटत राहिले. परंतु दोन दिवस हुडहुडी भरून ताप आला असताना तू पॅरासिटामॉल घेऊन वसतिगृहात पडून राहिलास, हे ऐकून माझे हातपाय गळाले. इतर मुलांचा ताप आणि तुझा ताप एक नव्हे.

नवव्या वर्षी सायकलच्या हँडलचा दांडा पोटात लागून तुझी प्लीहा, म्हणजे पोटातली पाणथरी, फुटली. बाबा तुला जीपमध्ये घालत होते, तेव्हा तू सायकल कुठे आहे असे विचारत होतास. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. प्लीहा काढल्यावर डॉक्टरांनी समजावले होते की न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिमोफिलस यांसारखे कवच असलेले जंतू रक्तातून वेचून नष्ट करण्याचे मोठे काम प्लीहाच करते आणि ती नसली की हे जंतू रक्तात झपाट्याने वाढतात. तुला लशी दिल्या आहेत, तरी या जंतूंच्या सगळ्याच प्रकारांवर त्या चालत नाहीत. सुरुवात साध्या तापासारखी होते आणि काही तासांतच रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून ताप आला की सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठ आणि आधी ‘मला प्लीहा नाही’ असे सांग. रक्तात जंतू वाढतात का हे पाहायला, म्हणजे ब्लड कल्चरसाठी, रक्त घेतील, पण प्रतिजैविक मात्र त्याच्या अहवालासाठी थांबवायचे नसते.

मेसमागच्या कुत्र्याला तू भाकरी घालतोस, हे मला आवडते. पण त्याच्या लाळेतील जंतूही तुझ्या रक्तात विष पसरवू शकतात, तेव्हा चावा किंवा ओरखडा लपवू नकोस. मित्रांच्या बाटलीने पाणी पिऊ नकोस. गळू पिळू नकोस. आपल्या नंदूची प्लीहा शाबूत होती, तरीही गुडघ्याच्या जखमेतून जंतू रक्तात शिरून त्याच्या मांडीच्या हाडापर्यंत गेले होते.

पुन्हा उपदेशच झाला, क्षमा कर. पहिल्या सत्राचा तुझा निकाल बाबांनी बँकेतल्या सगळ्यांना दाखवला. इतक्या दूर एकटा राहून तू हे केलेस, याचा मला फार अभिमान वाटतो.

मलेरियाही तुला अधिक जड जाईल, म्हणून आत्याने शिवलेली मच्छरदाणी पाठवत आहे. फ्लूची लस या महिन्यात घे. प्लीहा नसल्याचे कार्ड पाकिटात ठेव. आणि ताप आला, तर रुग्णालयाच्या वाटेवरून, रात्रीचे दोन वाजले असले तरी, मला फोन कर.

तुझी,
आई