सूचना: 'प्रतिबंधित उत्पादन' म्हणून लिस्टिंग बंद झाल्यास

सर्व विक्रेता सभासदांना नमस्कार.

ऑनलाइन विक्रीच्या साइटने तुमचं लिस्टिंग (मालाचं विक्रीचं पान) असं बंद केल्याची नोटीस आली तर तोच माल नव्या लिस्टिंगखाली पुन्हा चढवू नका. दुसरं उल्लंघन नोंदवलं जाऊन खातंच अडकू शकतं. आधी नोटीस शेवटपर्यंत वाचा. पुष्कळदा दोष मालात नसतो, वर्णनात असतो. साध्या साबणाला 'जंतुनाशक' म्हटलं किंवा तेलापुढे 'सांधेदुखी बरी करते' लिहिलं, की तो औषधी दावा धरला जातो. असा शब्द काढा आणि काय बदललं ते अपिलात (लिस्टिंग पुन्हा सुरू करण्यासाठी साइटला करायच्या अर्जात) स्पष्ट लिहा. सोबत पुरवठादाराचं बिल आणि लेबलचे वाचता येतील असे फोटो जोडा. बिलावरचं नाव-पत्ता खात्याशी जुळलाच पाहिजे. खाडाखोड केलेलं बिल कृपया कोणीही देऊ नये. अपिलाचा मसुदा आधी ग्रुपवर टाका, आम्ही नक्की वाचून देऊ.