कापूस वेचणारीचे नाव सातबाऱ्यावर का नाही?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हिंगणा तालुक्यातील आमच्या चार एकर शेताच्या सातबाऱ्यावर माझे नाव आहे, माझ्या भावजयीचे नाही. मी गेली चौतीस वर्षे नागपुरात राहते. शाळेत नोकरी केली, आता निवृत्तिवेतन घेते, आणि लग्नानंतर त्या शेतात मी एक तासही निंदलेला नाही. वडील गेले तेव्हा वारस म्हणून फेरफाराने माझे आणि धाकट्या भावाचे नाव चढले. मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी २००५ ची कायदादुरुस्ती योग्यच आहे, तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण भाऊ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळीने कामाला जातो आणि शेत पाहते ती भावजय. बियाणे कोणते घ्यायचे, तूर किती ओळींनी टाकायची, डवरणी कधी आणि फवारणी कधी, मजूर किती सांगायचे, हे सगळे तीच ठरवते. असे असताना शासनदरबारी मी खातेदार शेतकरी आहे आणि ती कोणीच नाही. हिवाळी अधिवेशनानिमित्त शेतकऱ्यांचे प्रश्न घेऊन मोर्चे आपल्या शहरात येतात, कर्जमाफी आणि हमीभावावर बोलले जाते, ते बोललेच पाहिजे. मात्र ज्या बाईच्या कष्टावर ही शेती उभी आहे तिला शेतकरी म्हणायचे की नाही, हा प्रश्न त्या गर्दीत मागे पडतो, म्हणून हे पत्र.

मागील जूनमध्ये भाचीच्या प्रवेशासाठी आम्ही तिघी नागपुरातील एका महाविद्यालयात गेलो होतो. आदल्या दिवशीच सरकीची टोबणी झाली होती, आणि बियाण्याला चोळलेल्या औषधाचा गुलाबी रंग भावजयीच्या बोटांच्या पेरांवरून अजून उतरला नव्हता. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने वडिलांचा व्यवसाय विचारला आणि आईच्या व्यवसायापुढे न विचारताच 'गृहिणी' असे लिहिले. मी हरकत घेतली तर तो म्हणाला, "शेती तर घरचीच असेल ना? मग गृहिणीच." भावजयीने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "लिहू द्या ना जी ताई, आपल्याला काय फरक पडते?" त्याच गुलाबी बोटांनी तिने अर्जावर सही केली. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही, कारण आपण सगळेच असे लिहीत आलो आहोत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले, हे फार चांगले झाले. आईचे नाव आले, पण ती काय काम करते ते अजून आलेले नाही.

हे काम म्हणजे मदत नव्हे, ते कौशल्य आहे, हे शहरातल्या वाचकांना समजावे म्हणून कापसाच्या वेचणीचेच उदाहरण देते. पहाटेच्या दवात पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या झाडाचे, वाळलेले पान मऊ असते, त्यामुळे त्याचा चुरा कापसात येत नाही. पण दव असतानाच वेचला तर कापूस ओला राहतो, आणि खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते, १२ टक्क्यांच्या पुढे गेला की माल घेतलाच जात नाही. उन्हे चढल्यावर वेचावे तर पान कुरकुरीत होऊन बोंडाबरोबर हातात येते आणि कचऱ्याचा कापूस म्हणून भाव पडतो. ही मधली वेळ घड्याळावर सांगता येत नाही. भावजय एक बोंड तोडते, रुई मुठीत दाबते आणि ठरवते. वेचताना पांढरा कापूस ओटीत आणि किडका, पिवळा पडलेला कवडी कापूस वेगळ्या फडक्यात जातो, तोही हात न थांबवता. वाळलेल्या बोंडाची टोके नखांच्या कडेला लागून दिवाळीनंतर दोन महिने तिची बोटे चिरलेली असतात. त्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गुलाबी बोंडअळीने पाकळ्या मिटवून टाकलेल्या डोमकळ्या शोधून तोडायच्या असतात. उघड्या फुलांच्या गर्दीतून अशी न उमललेली कळी ओळखायला जी नजर लागते ती मला अजूनही नाही. कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था नागपुरातच आहे आणि डोमकळ्या वेचून नष्ट करण्याचा सल्ला तज्ज्ञ दरवर्षी देतात. तो सल्ला अमलात आणणारे हात बहुतेक ठिकाणी बायांचेच असतात.

सरकारच्या हिशोबात या हातांची नोंद नाही असेही नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता. हमीभाव काढताना शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च आणि कुटुंबाने शेतात केलेल्या, पण मजुरी न घेतलेल्या कामाचे मोल यांची बेरीज धरली जाते आणि तिच्या दीडपट भाव दिल्याचे सांगितले जाते. म्हणजे भावजयीच्या श्रमाला दिल्लीत आकडा लागतो. त्या आकड्याला नाव मात्र नाही, आणि भाव मिळाल्यावर पैसे ज्या खात्यात जमा होतात ते खातेही तिचे नाही, कारण विक्रीच्या नोंदणीला सातबारा लागतो.

सातबाऱ्यावर नाव नसले तर काय काय मिळत नाही, याची यादी मोठी आहे. पीककर्ज नाही, अनुदान नाही. नव्याने सुरू झालेला शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीवरच मिळतो. त्या नोंदीत माझे नाव असल्याने तो मला नागपुरात बसून काढता येईल, रोज शेतात जाणारीला येणार नाही. देशातील वहितीखातेदारांपैकी स्त्रिया सुमारे १४ टक्के असल्याचे २०१५-१६ ची कृषिगणना सांगते. कोणत्याही शिवारात जून ते जानेवारी एक चक्कर मारणाऱ्याला हा आकडा पटणार नाही, कारण तो काम मोजत नाही, नाव मोजतो. सर्वांत वाईट वेळ घरातला कर्ता पुरुष आत्महत्या करतो तेव्हा येते. जमीन सासऱ्याच्या नावावर राहिली असेल, तर मदतीसाठी पात्र ठरण्याआधी तो शेतकरी होता हेच त्या विधवेला कागदांनी सिद्ध करत फिरावे लागते. विदर्भाने हे पुष्कळ पाहिले आहे.

आमच्या घरी वडिलांच्या ट्रंकेत जुना हस्तलिखित सातबारा सापडला. त्यातल्या 'बारा'च्या, म्हणजे पिकांच्या नोंदीच्या भागात 'जमीन करणाराचे नाव' असा एक रकाना आहे आणि तलाठ्याने तिथे वर्षानुवर्षे 'खुद्द' एवढाच शब्द लिहिला आहे. त्या वर्षांत वडील गिरणीत होते आणि शेत आई करत होती. आईच्या हयातीत मीसुद्धा 'शेती कोणाची?' या प्रश्नावर 'बाबांची' असेच उत्तर देत आले, याची आज खंत वाटते.

यावर उपाय नव्याने शोधायचा नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली, गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावे जमीन केली, आणि १९९२ मध्ये पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट शासनानेही मोकळी केली. पुढे डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे खासगी विधेयक मांडले. जमीन नावावर असो वा नसो, शेती करणाऱ्या स्त्रीला गावपातळीवर शेतकरी असल्याचा दाखला मिळावा, हा त्याचा गाभा होता. ते विधेयक २०१३ मध्ये मंजूर न होताच बाद झाले. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्ताने सत्कार आणि साड्यावाटप करण्यापेक्षा राज्य शासनाने हा दाखला ग्रामसभेमार्फत द्यायला सुरुवात करावी, ई-पीक पाहणीच्या, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदीत प्रत्यक्ष शेती करणाऱ्याचे नाव घ्यावे, आणि तो दाखला पीककर्ज, कापूस विक्री व ओळख क्रमांक या तिन्हींसाठी ग्राह्य धरावा, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे. कसणाऱ्याचे नाव लागले की कुळाचा हक्क उभा राहील, ही भीती जमीनमालकांच्या मनात जुनी आहे आणि मक्त्याने, म्हणजे भाड्याने दिलेल्या जमिनीबाबत तिचा वेगळा विचार करावा लागेल. पण स्वतःच्या बायकोच्या किंवा सुनेच्या बाबतीत ती भीती कोणी पुढे करू नये. शाळा-महाविद्यालयांच्या अर्जांना तर कोणत्याही कायद्याची गरज नाही, तिथे आईचा व्यवसाय आईलाच विचारावा.

आमच्यापुरते आम्ही काम सुरू केले आहे. माझा हिस्सा सोडायचा म्हटले तर हक्कसोडपत्र सहहिस्सेदाराच्याच, म्हणजे भावाच्या नावे होते, भावजयीच्या नावे होत नाही, हेही मला या वयात कळले. म्हणून आधी मी भावाला हक्क सोडायचा आणि मग त्याने बायकोला बक्षीसपत्र करून द्यायचे, असे ठरले आहे. भाऊ एका शब्दाने नाही म्हणाला नाही. भावजयीने मात्र दोनदा विचारले, "ताई, तुमच्या माहेरचे नाव जाईल ना याच्यातून?" कागद पूर्ण व्हायला दोन महिने लागतील असे लिहिणाऱ्याने सांगितले आहे. तोपर्यंत कापसाची शेवटची वेचणी झालेली असेल आणि तो कापूस यंदाही भावाच्याच नावावर विकला जाईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
मानेवाडा, नागपूर