नारिंगी कुर्ता पाठव

गावभाग, सांगली
१४ डिसेंबर

प्रिय नमे,

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "तीन वर्षं नदीवर घालवलीस, आता पहिल्यापेक्षा वेगळी काय झालीस?" तेव्हा मी आईनं हाक मारल्याचं निमित्त करून फोन ठेवला. पण प्रश्न काही पाठ सोडेना. म्हणून आज जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलेय.

पहिल्या उन्हाळ्याबद्दल तुला मी कधीच धड सांगितलं नव्हतं. बहे, औदुंबर, सांगलीचा आयर्विन पूल आणि हरिपूरचा संगम अशा कृष्णेवरच्या चार ठिकाणांहून मी मायक्रोप्लॅस्टिक मोजायला पाणी आणलं होतं. प्लॅस्टिकचा पाच मिलिमीटरहून बारीक तुकडा म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक, एवढं पाठ होतं. पाण्यातलं शेवाळ आणि पानांचा चोथा हायड्रोजन पेरॉक्साइडनं जिरवायचा, उरलेलं गाळायचं आणि गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. प्रत्येक कागदावर निळे तंतू! मी रात्र रात्र मोजत बसायचे. मोठा आकडा आला की वाटायचं, आता आपलं काम कुणीतरी वाचेल. तक्ता करून गाईड सरांपुढे ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि एवढंच विचारलं, "ब्लँक कुठाय?"

ब्लँक म्हणजे गाळून घेतलेलं स्वच्छ पाणी. त्याच बाटल्यांतून, त्याच खोलीत, त्याच हातांनी तेही सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं. त्यात जे सापडेल ते नदीचं नसतं, आपलं असतं. मी ते केलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी केलं, तर त्या कागदावरही तेच निळे तंतू. माझ्या ओढणीचे होते गं. पाणी काढायला मी प्लॅस्टिकची बादली आणि नायलॉनची दोरी नेली होती, तेही तेव्हा लक्षात आलं. अख्ख्या उन्हाळ्याचे नमुने बाद झाले. मे महिन्यातली नदी वर्षातून एकदाच मिळते, म्हणजे वर्ष गेलं. त्या रात्री मी खूप रडले. पण पुढे वाटायला लागलं, ते आकडे छापून आले असते तर जास्त वाईट झालं असतं. माझ्या ओढणीचा दोष मी कृष्णेच्या माथी मारला असता.

आता आईची जुनी स्टीलची कळशी आणि सुती दोर असतो. काचेच्या बाटल्या तीन तीनदा विसळते, तोंडाला ॲल्युमिनियमची फॉइल लावते, खोलीतला पंखा बंद ठेवते. आणि प्रत्येक खेपेला ब्लँक. नव्या मुली विभागात आल्या की मी त्यांना सूक्ष्मदर्शकाजवळ नेतच नाही, आधी ब्लँक करून आणायला सांगते. त्यांना ते जाचक वाटतं. वाटू दे.

दुसरा बदल प्रश्नातच झाला. माझ्या पहिल्या आराखड्याची सुरुवात २०१७ च्या एका गाजलेल्या अभ्यासानं होती: नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी जवळजवळ नव्वद टक्के अवघ्या दहा नद्या नेतात. वाक्य फार ऐटदार होतं. मग २०२१ चा अभ्यास हाती आला. त्यात हजाराहून जास्त नद्या मिळून ८० टक्के नेतात, आणि शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा, असं निघालं. दोन्ही गणितानं बांधलेले अंदाज. मी वाक्य खोडलं, आणि खोडताना समुद्रही खोडला. आपली कृष्णा चौदाशे किलोमीटर वाहते. वाटेत अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं उभी आहेत. आयर्विन पुलाखालून गेलेला तुकडा बंगालच्या उपसागराला पोचतो की एखाद्या जलाशयाच्या गाळात बसतो, हे माझ्या कळशीला कळणार नाही. मग जे कळेल तेच विचारायचं ठरवलं: पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तळाच्या गाळात काय फरक पडतो?

हा प्रश्न खरं तर २०१९ च्या पुरानं दिला. आठवतं ना, आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. ओसरल्यावर तुमच्या घरातला चिखल आपण दोघींनी फावड्यानं ओढला, आणि घाटाकडे गेलो तर बाभळींच्या शेंड्यांना पिशव्या लोंबत होत्या. तेव्हा मला फक्त घाण दिसली होती. पुढे वाचलं की २०१८ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरच्या आसपासच्या नद्यांवर काम झालं होतं आणि पुरानं तळातलं सुमारे ७० टक्के मायक्रोप्लॅस्टिक वाहून नेल्याचं दिसलं. म्हणजे नदी साठवते आणि पूर ते साठवण उपसतो. आपल्याकडे तर पुराचं पाणी घरात, उसात, विहिरीत शिरतं. वाहून गेलं ते कुठे गेलं, हा प्रश्न मला सांगलीची म्हणून छळतो.

गाळातलं प्लॅस्टिक तरंगवून वेगळं काढायला मिठाचं पाणी घेतात, त्यानंही मला शिकवलं. संपृक्त मिठाच्या द्रावणाची घनता १.२ (साध्या पाण्याची १). त्यात पिशव्यांचं पॉलिथीन तरंगतं, पण पॉलिएस्टरची घनता १.३८ च्या आसपास, ते बुडतं. म्हणजे कपड्यांचे धागे मी तळाशी टाकून देत होते आणि 'सापडले नाहीत' असं लिहिणार होते! आता त्याहून जड द्रावण होणारं झिंक क्लोराइड वापरते. महाग आहे, हात पोळतात, गाळून पुन्हा पुन्हा वापरावं लागतं.

गाळ नेमका कुठला घ्यायचा, हे मात्र नावाडी मामांनी शिकवलं. मी आपली मधल्या धारेत अडकलेली. ते म्हणाले, "पोरी, धारंत काय हुडकतीस? वळणाच्या आतल्या अंगाला बघ, नदी वझं तिथंच टाकती." पुस्तकात हे होतं, मीच वाचून विसरले होते. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव सरांच्या नावानंतर लगेच येणार.

मध्यंतरी एका बातमीदारानं विचारलं, "सांगलीकर प्लॅस्टिक पितात असं लिहू का?" मी नदीचं पाणी तपासते, नळाचं नाही. तसं सांगितलं आणि आकडा दिला नाही. पहिल्या वर्षी दिला असता, नमे. हा फरक मला माझ्यातला सगळ्यात मोठा वाटतो.

तासगावच्या काकांपुढे मात्र अजून गप्प होते. द्राक्षबागेत मल्चिंगचा, म्हणजे माती झाकायचा प्लॅस्टिकचा पातळ कागद फाटून मातीत मिसळतो, ठिबकच्या जुन्या नळ्या बांधावर उन्हात तडकतात. मी बोलले तर ते शांतपणे म्हणाले, "पाणी वाचवायला तुम्हीच ठिबक घ्या म्हणालात. आता दुसरं काय ते सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांच्याच शिवारातला येरळा नदीला मिळणारा ओढा मी नमुन्यांत धरला. काका स्वतः टॉर्च घेऊन येतात आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावतात.

आता तुझ्याकडे एक काम. प्रयोगशाळेत असा सुती कपडा घालायचा असतो की त्याचा धागा नमुन्यात पडला तर चटकन ओळखू यावा. पांढरा आणि निळा नको, ते नदीत ढिगानं आहेत. कॉलेजात तू घालायचीस तो भडक नारिंगी खादीचा कुर्ता अजून असेल तर पाठव. आजवर माझ्या एकाही नमुन्यात नारिंगी धागा आलेला नाही. जानेवारीत हरिपूरचा गाळ काढायचाय, त्याआधी मिळाला तर बरं.

काकूंना नमस्कार.

तुझी,
शुभा