डब्यावरचं हिरवं पान

एडिसन, न्यू जर्सी
29 जून 2025

ती. आईस सा. न. वि. वि.

वटपौर्णिमेला फोनवर तू विचारलंस, "त्या डब्याच्या दुधात साखर असते म्हणे, खरं का गं?" आणि मी "आई, ऑर्गॅनिक आहे तो" असं फटकन बोलून फोन ठेवला. राग तुझा नव्हता. उत्तर माहीत नव्हतं, त्याचा होता. त्यात मागून आजीचं "अंगावर पाजत न्हाई का पोरगी?" ऐकू आलं, ते जास्त लागलं. पाजते गं. तू पाठवलेले अळिवाचे लाडू संपवले, शतावरी झाली, पंप लावून बसून झालं. तरी तीन महिन्यांच्या चिऊला पुरत नाही. निम्मं माझं, निम्मं डब्याचं, असं चाललंय.

फोनवर सगळं सांगणं होत नाही. चिऊ दहा मिनिटं सलग बोलू देत नाही आणि आजीला फोनवरचं ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. बाबांकडून तिला मोठ्याने वाचून घे. मध्ये थोडा हिशेब आहे, तो त्यांना आवडेल.

तुझा फोन झाला त्याच रात्री तीन वाजता बाटली करताना डबा फिरवून मागची बाजू वाचली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. पुढे काय आहे ते तू व्हिडिओवर पाहिलंयस: हिरवं पान, कुरणात गाय, 'यूएसडीए ऑर्गॅनिक'चा, म्हणजे इथल्या शेती खात्याचा, गोल शिक्का. मागे मात्र मुंगीएवढी अक्षरं. मोबाईलचा टॉर्च लावून वाचली. इथे जो जिन्नस वजनाने जास्त तो आधी लिहायचा असा नियम आहे. पहिली बिनसायीच्या दुधाची पावडर, आणि लगेच दुसरं नाव 'ऑर्गॅनिक कॉर्न सिरप सॉलिड्स', म्हणजे सेंद्रिय मक्याच्या सिरपची भुकटी. लॅक्टोज (दुधातली मूळची साखर) पार खाली, तेलांच्याही नंतर. बाटली हातात तशीच राहिली, चिऊने भोकाड पसरलं तेव्हा भानावर आले.

अमितला उठवलं. तो म्हणाला, ऑर्गॅनिक मका आहे ना, मग काय? मी म्हटलं, आमचे बाबा कोल्हापूरचा सेंद्रिय गूळ खातात, म्हणून त्यांची शुगर वाढायची थांबलीय का? यावर त्याला काही सुचलं नाही. (बाबांना हे वाचून दाखवताना गाळलंस तरी चालेल.) ते हिरवं पान शेताबद्दल बोलतं: खत कुठलं, फवारणी कुठली, गाईला काय खायला घातलं. डब्यात गोडी कशाची घातलीय याचा त्याच्याशी संबंध नाही. सेंद्रिय मक्याचं सिरप, सेंद्रिय तांदळाचं सिरप, सगळ्याला तोच शिक्का चालतो. सेंद्रिय लॅक्टोज महाग पडतं, म्हणून उलट ऑर्गॅनिक डब्यांतच ही सिरपं बऱ्याचदा सापडतात.

आता हिशेब. आईच्या दुधात 100 मिलीला साधारण 7 ग्रॅम लॅक्टोज असतं. म्हणजे दुधातली साखरच, आणि बाळाला मिळणाऱ्या उष्मांकातला 40 टक्क्यांच्या आसपासचा वाटा तिचा. गाईच्या दुधात ती 5 ग्रॅमपेक्षा थोडी कमी, आणि प्रथिनं मात्र तिपटीहून जास्त. तेवढी तान्ह्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत म्हणून दूध पातळ करायचं, पातळ केलं की गोडी आणखी उतरते, मग ती बाहेरून भरून काढायची. आजीने काकांना गाईचं दूध पाणी आणि साखर घालून पाजलं होतं ना, हाच उद्योग. इथल्या आज्याही 1950च्या सुमारास आटवलेल्या दुधाच्या डब्यात पाणी आणि दोन चमचे मक्याचं सिरप घालून बाटल्या भरायच्या. डॉक्टरच तसं लिहून द्यायचे. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, डब्यात साखर असते आणि असायलाच लागते. भांडण आहे ते कुठली यावरून.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तू पेपरात वाचलंस ते निराळं. स्विस संस्थेच्या त्या अहवालात सहा महिन्यांनंतर द्यायच्या खिरीच्या पावडरीबद्दल होतं. एका मोठ्या कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या पावडरीत एका वेळच्या वाट्याला सरासरी जवळजवळ 3 ग्रॅम वरची साखर, आणि त्याच कंपनीच्या जर्मनी-ब्रिटनमधल्या डब्यात काही नाही. तुझ्या मनात ते बसलं हे बरोबरच आहे. माझ्याही बसलं होतं, फक्त मला वाटत होतं की आपण अमेरिकेत राहतो आणि महागाचा डबा घेतो, आपल्याला काय त्याचं.

तर ही सिरपं. काकवी डोळ्यांपुढे आण. फरक एवढाच की उसाचा रस आटवायचा नाही, तांदूळ किंवा मक्यातला स्टार्च पाचक रस घालून तोडायचा. भाकरी तोंडात चावत राहिलं की गोड लागायला लागते ना, तेच कारखान्यात करतात आणि मग वाळवून भुकटी करतात. मक्याचं ते सिरप म्हणजे कोल्ड्रिंकमधलं फ्रुक्टोजवालं सिरप नव्हे, मी आधी तेच समजून रडकुंडीला आले होते. यात ग्लुकोजच्याच लहानमोठ्या साखळ्या असतात, बाळाला पचतात. तांदळाच्या सिरपचं दुखणं वेगळं. भाताचं रोप पाण्यात उभं असतं आणि जमिनीतलं आर्सेनिक हे विष शोषून घेतं. 2012 साली इथल्या डार्टमथ कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी सेंद्रिय तांदळाचं सिरप घातलेले लहान मुलांच्या दुधाचे डबे तपासले, तर एकात पिण्याच्या पाण्याला जी मर्यादा आहे तिच्या सहापट आर्सेनिक निघालं. सेंद्रिय शेतीने आर्सेनिक जात नाही, ते जमिनीत आधीपासूनच असतं. तांदळाचं सिरप आमच्या डब्यात नव्हतं, हे वाचून मी देवाला हात जोडले.

मक्याच्या सिरपवरून मात्र अमितचं आणि माझं आठवडाभर चाललं. तो म्हणे, पचतं, वजन वाढतंय, ती हसते, मग? मी त्याला कॅलिफोर्नियातला 2022चा अभ्यास दाखवला. सरकारी योजनेतून डबे मिळणाऱ्या मुलांचा. लॅक्टोज कमी करून मक्याचं सिरप घातलेलं दूध प्यायलेल्या मुलांत दोन वर्षांच्या वयाला लठ्ठपणाचा धोका 10 टक्क्यांनी जास्त दिसला. अमितने तो माझ्याआधी शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला, दोन गोष्टी बरोबर दिसल्या एवढंच यात आहे, एकीमुळे दुसरी झाली असं कुठे आहे? त्याचं चुकलं नव्हतं. पण मी म्हटलं, 10 टक्क्यांची शंका फुकटात टाळता येत असेल तर मी ती का पोसू?

डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं. म्हणाल्या, या डब्याने मुलीचं नुकसान झालेलं नाही, मागे वळून रडू नका. पण लॅक्टोज काढून टाकायचंही काही कारण नाही. तान्ह्या बाळाला लॅक्टोज न पचणं फार क्वचित असतं. गॅस झाला, रडलं, की लोक घाईने लॅक्टोज कमी केलेला डबा आणतात. आम्हीही तेच केलं होतं गं. दुसऱ्या महिन्यात ती संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडायची तेव्हा 'पोटाला सौम्य' असं लिहिलेला म्हणून तो डबा उचलला होता. रडणं महिन्याभरात आपोआप थांबलं. डबा तसाच चालू राहिला.

इथल्या कायद्यात प्रथिनं किमान किती, स्निग्ध किती, अशा तीस पोषकांचे नियम आहेत. साखर कुठली घालायची यावर चकार शब्द नाही. डब्यावर कार्बोहायड्रेटचा एकच आकडा, त्यात लॅक्टोज किती नि सिरप किती ते कळत नाही. युरोपात दर 100 उष्मांकांमागे निदान 4.5 ग्रॅम लॅक्टोज हवंच, आणि साध्या दुधाच्या डब्यात आपली चहातली साखर चालत नाही. आपल्याकडे 1992च्या कायद्याने डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्रसुद्धा छापता येत नाही. अशा जाहिरातींना आवर घालणारी जागतिक संहिता 1981 साली मंजूर झाली तेव्हा अख्ख्या जगात एकट्या अमेरिकेने विरोधात मत दिलं होतं. आता चिऊ जन्मली त्याच मार्चमध्ये इथल्या सरकारने नियम नव्याने तपासतो असं जाहीर केलंय. ते होईपर्यंत चिऊ शाळेत जाईल.

युरोपचं वाचून माझं डोकं फिरलं. इथे बऱ्याच आया तिकडचे डबे मागवतात. एका मैत्रिणीकडे जर्मन डबा शिल्लक होता, तो घेऊन आले. सगळं जर्मनमध्ये. रात्री सवयीने 60 मिली पाण्याला एक चमचा टाकला, आणि बाटली हलवल्यावर दूध दिव्यासमोर धरलं तर निळसर, पाणीदार. त्यांचा चमचा लहान, 30 मिलीला एक. निम्म्या ताकदीचं दूध पाजायला निघाले होते मी, तेही साखरेच्या काळजीने! ओतून दिलं. शिवाय असा खासगीत आलेला डबा कंपनीने परत मागवला तर आपल्याला कोण कळवणार? तो नाद तिथेच सोडला.

मग शनिवारी दोघं दुकानात गेलो. चिऊ कॅरिअरमध्ये अमितच्या छातीशी झोपलेली आणि आम्ही एकेक डबा उलटा करून वाचतोय. एक बाई बघून हसली आणि स्वतःच्या गाडीतला डबा तिनेही उलटा केला. शेवटी हाती आला तो दुकानाचाच स्वस्तातला डबा. गोडीला फक्त लॅक्टोज. पुढे पान नाही, गाय नाही, ऑर्गॅनिकचा शिक्का नाही. किंमत जवळजवळ निम्मी. मला फवारणीचं थोडं टोचतं, खोटं कशाला बोलू. लॅक्टोजही आणि शिक्काही असे डबे आहेत, पण ते महिनाभर पुरवायचे तर माझा पगार सुरू व्हायला हवा. आत्ता घरी आहे तोवर हाच. चिऊला फरकच कळला नाही, चौथ्या दिवशी शी जरा सैल झाली तेवढंच.

आता आजीसाठी. आजी, तू इकडे पाठवायच्या खोक्यात मधाची बाटली असेल तर काढून ठेव. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही, त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. आम्हा सगळ्यांना तू चाटवलास आणि आम्ही जगलो हे मला माहीत आहे. सहाण आणि जायफळ मात्र पाठव, मला आवडतं ते घरात असलेलं. घुटीचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

जुना डबा अर्धा उरला होता. मी टाकून देणार होते, तर अमित म्हणाला चाळीस डॉलरचा आहे, आणि कॉफीत घालायला लागला. रोज सकाळी दोन चमचे सेंद्रिय मक्याचं सिरप. वर साखर घ्यावीच लागते, म्हणतो, गोडच नाही काही.

बाबांना नमस्कार, आजीच्या पाया पडते.

तुझी,
मंजू