माळ्यावरचा डबा

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही सहज म्हणालात, "निगेटिव्हच्या डब्याला आंबूस वास मारतोय, टाकून देऊ का?" तेव्हापासून जिवाला चैन नाही. टाकू नका. त्या जुन्या निगेटिव्ह ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. उष्णता आणि दमटपणा लागला की त्यांतून व्हिनेगरमधलंच आम्ल सुटायला लागतं, आणि ते बंद डब्यात कोंडलं की शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही धरतं. म्हणून डबा आधी माळ्यावरून खाली येऊ दे. शिडीवर तुम्ही चढू नका, शेजारच्या कुणाला तरी हाक मारा. ज्यांना वास येतोय त्या पट्ट्या वेगळ्या काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, साध्या कागदी पाकिटांत घालून मधल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. ओल्या फडक्यानं मात्र पुसू नका.

एवढी का घाबरले, ते सांगते. २००४ साली पहिल्या पगारातून मी कॅननचा ए-७५ हा डिजिटल कॅमेरा घेतला होता, आठवतंय? ३.२ मेगापिक्सेल, पोटात चार पेन्सिल सेल. तुम्ही तो उलटसुलट करून पाहिलात आणि विचारलंत, "पण ह्याची निगेटिव्ह कुठे असते?" मी म्हटलं, आता लागत नाही. पुढे माझी हार्ड डिस्क बंद पडली आणि तीन वर्षांचे फोटो गेले. उरले ते फक्त आईला हवे म्हणून कागदावर काढलेले तीसेक. आणि तुम्ही १९७२ साली घेतलेल्या अग्फा क्लिक कॅमेऱ्याचे रोल अजून त्या डब्यात आहेत. तुमचा प्रश्न बरोबर होता, बाबा.

त्या अग्फाचा मागचा लाल गोल मला अजून दिसतो. त्यातून आकडा वाचायचा, चावी फिरवायची, पुढचा आकडा मध्यभागी आला की थांबायचं. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. बारा संपायला कधी कधी चार महिने लागायचे, आणि तोवर आपण सगळे त्यांच्याविषयी बोलत असायचो. कोपरं बरगड्यांना टेकव, श्वास धर, मग दाब, हे तुम्ही मला शिकवलंत तेव्हा मी सहा वर्षांची असेन. आजही कुठलाही कॅमेरा हातात आला की कोपरं आपोआप आत येतात.

पुढे याशिका कॅमेरा आला. छत्तीसचा रोल तुम्ही बसवलात की अडतीस फोटो निघायचे. १९९०च्या दिवाळीत मी त्याचं मागचं झाकण उघडलं होतं. किल्ल्याचा फोटो आत आलाय का, ते बघायचं होतं. मी रडत होते आणि तुम्ही रागावला नाहीत. रोल धुऊन आल्यावर मला उजेडात धरून दाखवलात: शेवटचे फोटो वरच्या वेढ्यात होते, ते जळाले, आधीचे आत गुंडाळलेले होते, ते वाचले. मधल्या दोनतीन फोटोंच्या कडेला नारिंगी झळ आली होती. त्यातला एक आईचा आहे, पणत्या लावताना. मला तो आपल्या घरातला सगळ्यात सुंदर फोटो वाटतो.

आता मुख्य गोष्ट. पाडव्याला आले होते तेव्हा तुम्हाला सांगून एक पट्टी घेऊन आले होते. ती पांढऱ्या दिव्याच्या पाटीवर ठेवली, वरून कॅमेऱ्यानं जवळून फोटो घेतला आणि कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं केलं. वाईचा गणपती घाट, आई पायरीवर उभी. अग्फाचं भिंग एका काचेचं, त्यामुळे कडा पुसट. पण मध्यभाग इतका स्वच्छ आला की पदराचे काठ मोजावेत. आपल्याकडची कॉपी जेमतेम पानसुपारीच्या डबीएवढी, त्यात हे कधी दिसलंच नव्हतं. आई, तुझ्या डाव्या हातात कॅमेऱ्याचं रिकामं कव्हर आहे. पट्टा मनगटाला गुंडाळलेला. मग मी घरातले सगळे अल्बम काढून बसले. मेणवलीत तेच कव्हर, महाबळेश्वरला तेच. २००४च्या त्या कागदी फोटोंत तुझ्या मुठीत माझे जादा सेल आहेत. फोटो आम्ही काढत आलो आणि सांभाळत तू आलीस, हे मला इतक्या वर्षांनी दिसलं.

बाबा, तुम्ही म्हणता आता हात कापतो, फोटो नको. पण तुमच्या नव्या फोनमधलं भिंगच हाताच्या उलट दिशेला हलून ते कापणं बरंचसं सावरून घेतं. उरलेल्याला दाराची चौकट आहे. खांदा टेकवा आणि आवाजाचं बटण दाबा, फोटो निघतो. सकाळी नऊच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे ऊन ओट्यावर येतं, ते मला पाठवा. रोज एकच पाठवलात तरी चालेल.

दिवाळीच्या चार दिवस आधी येते. दिव्याची पाटी आणि कॅमेरा घेऊन येईन. कुठली पट्टी कुठल्या सालची, ते तुम्ही सांगायचं, मी लिहून घेईन. आणि आई, ते अग्फाचं कव्हर अजून असेल तर शोधून ठेव. नक्की तुझ्याच कपाटात असेल.

तुमची,
धाकटी