लाँचमागचे कुरव सायबेरियाचे नव्हेत

महोदय,

मांडव्याच्या लाँचमागे उडणाऱ्या पक्ष्यांचे छायाचित्र आपल्या अंकात पाहिले. खाली ओळ होती ‘सायबेरियन पाहुणे’. त्यातल्या सर्वांत जवळच्या पक्ष्याचा फिकट डोळा आणि पंखांच्या काळ्या टोकांवरचे पांढरे ठिपके स्वच्छ दिसतात. हा तपकिरी डोक्याचा कुरव, म्हणजे सीगलचा एक प्रकार. (हिवाळ्यात डोके पांढरेच असते, म्हणून गफलत होते.) त्याची वीण लडाख, तिबेट, पामीर इथल्या उंचावरच्या तळ्यांकाठी होते. थव्यात काळ्या डोक्याचे कुरवही असतात, त्यांच्यातले काही सायबेरियाकडून आलेले असतीलही. पण थंडीत दिसणाऱ्या झाडून साऱ्या पक्ष्यांना सायबेरियाचा दाखला देऊन आपण मोकळे होतो.

मी भूगोलाची शिक्षिका होते. पामीरचे पठार ज्यात येते तो मध्य आशिया म्हणजे मुलांच्या लेखी नकाशातला एक तपकिरी पट्टा. त्या पट्ट्यातल्या पक्ष्यांची पहिली सविस्तर नोंद करणाऱ्यांत निकोलाय सेवेर्त्सोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाचे नाव मोठे. जन्म 1827, रशियातल्या वोरोनेझ प्रांतात. कुठला प्राणी, कुठला पक्षी कधी येतो, कधी वीण करतो, पिसे कधी टाकतो, याच्या घरच्याच मुलखातल्या नोंदींवर त्यांनी 1855 मध्ये प्रबंध लिहिला. मग मध्य आशियातल्या सिर दर्या नदीकडे गेले. 1858 मध्ये तिथे पक्षी टिपत असताना कोकंद या तिथल्या खानाच्या राज्यातल्या स्वारांनी त्यांना गाठले. भाल्याच्या आणि तलवारीच्या जखमा झाल्या, कान फाटला, महिनाभर कैद घडली. चेहऱ्यावरचे वण जन्मभर राहिले.

दुसरा कोणी पुन्हा त्या वाटेला गेला नसता. हे गृहस्थ पुढची वीस वर्षे तिथेच जात राहिले! झारचे सैन्य तो मुलूख जिंकत होते आणि सेवेर्त्सोव्ह यांच्या मोहिमांना त्या सैन्याचाच आधार होता, हेही सांगायलाच हवे. तुर्कस्तानातले (म्हणजे तेव्हाच्या रशियन मध्य आशियातले) प्राणी-पक्षी कोणत्या भागात आणि किती उंचीवर राहतात, हे त्यांनी 1873 च्या ग्रंथात मांडले. 1878 मध्ये ते पामीरमध्ये होते. तिथले काराकुल सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,900 मीटरवर आहे आणि आपल्या लाँचमागचा कुरव तिथे अंडी घालतो. पुढे मध्य आशियातल्या स्थलांतराच्या वाटांवरही त्यांनी लिहिले. 1885 च्या हिवाळ्यात डॉन नदीवरचा बर्फ त्यांच्या गाडीखाली फुटला. पाण्यातून ते बाहेर आले, पण वाचले नाहीत. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष होत होते.

यापुढे अशा छायाचित्राखाली पक्ष्याचे नाव आणि त्याचा मूळ मुलूख छापावा, जागा असेल तर छोटा नकाशाही द्यावा. आणि लाँचवरून पक्ष्यांना वेफर्स फेकणाऱ्या हौशी मंडळींचे छायाचित्र छापलेच, तर निदान त्याखाली कौतुकाची ओळ नको.

— एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड (पूर्व), मुंबई